न्यूयॉर्क-न्यू जर्सीत इमिग्रेशनचं ऑफिस, कोर्ट आणि वकील शोधताना

सकाळी सव्वाआठला फोन वाजला. "दादा, मी दोनशे नव्वद ब्रॉडवेला उभा आहे, पण इथे कोर्ट दिसत नाही. डोक्यावरून ट्रेन चाललीय." डोक्यावरून ट्रेन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. मॅनहॅटनच्या त्या भागात सगळ्या गाड्या जमिनीखालून जातात. फोनच्या नकाशाने त्याला ब्रुकलिनच्या ब्रॉडवेवर नेऊन सोडलं होतं आणि त्याची तारीख साडेआठची होती. धावतपळत तो सव्वानऊला योग्य दारात पोचला. न्यायाधीशांनी तोवर त्याचं नाव पुकारलं नव्हतं, म्हणून निभावलं. नाव पुकारलं गेलं असतं आणि हा हजर नसता, तर त्याच्या गैरहजेरीतच देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघू शकला असता.

गेली काही वर्षं मी अशा कामांसाठी लोकांबरोबर जातो. मी वकील नाही. जर्सी सिटीत राहतो, रस्ते माहीत आहेत, आणि आपल्या माणसाला त्या दारात एकट्याने उभं राहावं लागू नये असं मनापासून वाटतं, म्हणून जातो. पुणे, सातारा, नाशिक, नागपूरहून नुकतेच इथे आलेले लोक फोनवर जे विचारतात आणि मी जे सांगतो, ते इथे एका ठिकाणी मांडतो आहे.

आधी कागद वाचा, मग पत्ता शोधा

आपल्याकडे एखाद्या कामाला निघताना "कचेरीत जायचंय" एवढं म्हटलं तरी चालतं. इथे "इमिग्रेशन ऑफिसला जायचंय" म्हणून भागत नाही, कारण त्या एका शब्दात तीन वेगळी खाती येतात. तुमच्या हातातल्या कागदावर अगदी वर कोणाचं नाव छापलंय, ते पाहा.

युएससीआयएस म्हणजे अर्जांचं खातं. ग्रीन कार्ड, नागरिकत्व, कामाचा परवाना, बोटांचे ठसे ही कामं त्यांच्याकडे. आइस म्हणजे अंमलबजावणीचं खातं. माणसाला ताब्यात घेणं, हजेरी लावायला बोलावणं हे त्यांचं काम. ही दोन्ही गृहसुरक्षा विभागाखाली येतात. तिसरं इमिग्रेशन कोर्ट. ते न्याय विभागाखाली आहे आणि त्याच्या कागदावर 'ईओआयआर' ही अक्षरं असतात. ग्रीन कार्डच्या मुलाखतीचं बोलावणं आणि कोर्टाची नोटीस दिसायला सारखीच: पांढरा कागद, वर गरुडाचा शिक्का, खाली बारीक अक्षरं. पण पहिल्यात तुम्ही काही मागायला जाता, आणि दुसऱ्यात सरकार तुमच्याविरुद्ध उभं असतं. 'नोटीस टू अपिअर', म्हणजे आय-८६२ हा कागद हातात पडला असेल, तर तुमच्यावर देशाबाहेर काढण्याची केस सुरू झाली आहे असं समजा आणि त्याच आठवड्यात वकिलाकडे जा.

आता त्याच कागदावर पेन्सिलीने तीन गोष्टींना गोल करा.

पहिली, ए-नंबर. 'ए' या अक्षरापुढे आठ किंवा नऊ आकडे असतात. कोर्टातली तुमची ओळख ती हीच. एच-१बीवर आलेल्या बहुतेकांकडे हा नंबर सुरुवातीला नसतो. तो पुढे ग्रीन कार्डच्या टप्प्यावर मिळतो. कोर्टाची केस असेल तर मात्र असतोच.

दुसरी, तारीख. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस लिहितात. ०५/०६ म्हणजे ६ मे. आपल्या सवयीने ५ जून वाचलंत तर महिनाभर उशिरा पोचाल. हे सांगायला फार साधं वाटतं, पण उच्चशिक्षित माणसांकडूनही ही चूक झालेली मी पाहिली आहे. तारीख अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा: "सहा मे, बुधवार, सकाळी साडेआठ". वार कॅलेंडरवर ताडून पाहा.

तिसरी, पूर्ण पत्ता. त्यात शहर, झिप कोड, मजला आणि खोली हे सगळं आलं. ब्रॉडवे मॅनहॅटनमध्ये आहे तसा ब्रुकलिनमध्येही आहे आणि क्वीन्समध्येही. न्यूअर्कच्या ब्रॉड स्ट्रीटची गल्लत करणारेही भेटतात. नकाशात नेहमी झिप कोड टाकूनच शोधा. मजल्याचंही ध्यानात असू द्या: इथे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात.

कोर्टाची तारीख आहे का, बदलली आहे का, हे घरबसल्या कळतं. १-८००-८९८-७१८० या नंबरावर ए-नंबर दाबला की पुढची तारीख ऐकू येते. हीच माहिती कोर्टाच्या संकेतस्थळावरही मिळते. तारखा अचानक मागेपुढे होतात आणि टपाल उशिरा येतं, म्हणून केस चालू असेल तर दर आठवड्याला बघा. सोमवारी सकाळी चहाबरोबर बघायची सवय लावून घेतलीत तर विसरायला होत नाही.

कुठे काय आहे

जर्सी सिटीच्या जर्नल स्क्वेअरहून पाथ ट्रेनने वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरा. एडिसन, आयझलिनकडून येणाऱ्यांनी एनजे ट्रान्झिटने न्यूअर्क पेन स्टेशन गाठावं आणि तिथे पाथ पकडावी. वर्ल्ड ट्रेड सेंटरहून बाहेर पडलात की ब्रॉडवेवर या आणि उत्तरेकडे चालू लागा. उजव्या हाताला सिटी हॉलची बाग लागेल. ती संपली की चेंबर्स स्ट्रीट, मग रीड स्ट्रीट. त्यानंतर उजवीकडेच २९० ब्रॉडवे ही इमारत. तिथून ड्युएन स्ट्रीट ओलांडली की समोरची उंच करडी इमारत म्हणजे २६ फेडरल प्लाझा. दोन्ही पत्ते असे एकमेकांसमोर आहेत. क्वीन्सहून येणाऱ्यांना चेंबर्स स्ट्रीट, सिटी हॉल किंवा ब्रुकलिन ब्रिज ही सबवेची स्टेशनं सोयीची. तिन्ही चालत पाच-सात मिनिटांवर आहेत.

२६ फेडरल प्लाझामध्ये तिन्ही खाती एकाच छपराखाली आहेत. काही मजल्यांवर इमिग्रेशन कोर्ट, काहींवर युएससीआयएस, काहींवर आइस. माणसं गोंधळतात ती इथेच. दारावरच्या माणसाला तोंडी सांगत बसण्यापेक्षा नोटीस दाखवा, तो रांग दाखवेल. कोर्टाच्या काही खोल्या समोर २९० ब्रॉडवेला आहेत आणि काही २०१ व्हॅरिक स्ट्रीटला, जे तिथून बरंच वायव्येला, ह्यूस्टन स्ट्रीट स्टेशनजवळ आहे. मागच्या वेळी २६ला बोलावलं होतं म्हणून या वेळीही तिथेच, असं धरून चालू नका. प्रत्येक नोटिशीवरचा पत्ता नव्याने वाचा.

२९० ब्रॉडवेच्या तळमजल्यावर आफ्रिकन बरिअल ग्राउंडचं स्मारक-दालन आहे. १९९१ साली या इमारतीसाठी खोदकाम सुरू असताना गुलामगिरीच्या काळातली कृष्णवर्णीयांची दफनभूमी सापडली. ४१९ जणांचे अवशेष निघाले. तारीख संपल्यावर वेळ असेल तर पाच मिनिटं तिथे थांबा. मी दरवेळी थांबतो.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांचं काम बहुधा न्यूअर्कला, ९७० ब्रॉड स्ट्रीटवरच्या रोडिनो फेडरल बिल्डिंगमध्ये असतं. युएससीआयएस आणि इमिग्रेशन कोर्ट, दोन्ही तिथे आहेत. न्यूअर्क पेन स्टेशनहून पंधरा मिनिटांची चाल. राज्याच्या दक्षिण भागातल्यांना अर्जाच्या मुलाखतीसाठी माउंट लॉरेलला बोलावतात. तिथे गाडीशिवाय जाणं अवघड, तेव्हा आधीच कोणाला तरी विचारून ठेवा. क्वीन्सकडच्यांना लाँग आयलंड सिटीचं ऑफिस येऊ शकतं. आश्रयाच्या, म्हणजे 'असायलम'च्या मुलाखती वेगळ्या ठिकाणी होतात. न्यू जर्सीत लिंडहर्स्टला आणि लाँग आयलंडवर बेथपेजला ती ऑफिसं आहेत. बोटांच्या ठशांसाठी आणखी निराळी केंद्रं असतात. कुठलं ऑफिस ते तुमच्या झिप कोडवरून ठरतं, आपल्या सोयीने निवडता येत नाही.

आयटी कंपनीतून एच-१बीवर आलेल्यांचा एक नेहमीचा प्रश्न: "माझा एच-१बी अडकलाय, फेडरल प्लाझाला जाऊन विचारू का?" जाऊ नका. तो अर्ज कंपनीने केलेला असतो आणि तो दुसरीकडच्या केंद्रात तपासला जातो. शिवाय युएससीआयएसच्या ऑफिसात आगाऊ वेळ ठरल्याशिवाय आत घेत नाहीत. १-८००-३७५-५२८३ वर फोन करा किंवा ऑनलाइन खात्यातून विचारा. यंत्राशी बोलून कंटाळा येतो, पण रस्ता तोच आहे.

तारखेच्या दिवशी

दीड तास हाताशी ठेवून निघा. विमानतळासारखी तपासणी असते: पट्टा काढा, बॅग यंत्रातून जाऊ द्या. रांग पुष्कळदा इमारतीच्या बाहेर, उघड्यावर असते. जानेवारीत २६ फेडरल प्लाझाशेजारच्या फोली स्क्वेअर चौकातला वारा कानाला झोंबतो. लहान मूल किंवा आईवडील बरोबर असतील तर टोपी, मोजे, शाल घ्या. जेवणाच्या डब्याबरोबर सुरी राहिली असेल तर ती घरीच ठेवा. फोन आत नेता येतो, पण फोटो काढू नका.

जवळ ठेवायचे कागद: मूळ नोटीस, पासपोर्ट किंवा फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र, आणि सगळ्या कागदांच्या प्रती वेगळ्या फाइलमध्ये. मूळ कागद मागितल्याशिवाय देऊ नका. दिलात तर कोणाला, कधी दिला ते लिहून ठेवा.

कोर्टात पहिली तारीख बहुधा 'मास्टर कॅलेंडर'ची असते. एका खोलीत वीस-तीस जण बसलेले असतात, एकेकाला पाच-दहा मिनिटं मिळतात. न्यायाधीश नाव, पत्ता, भाषा विचारतात आणि वकील आहे का ते विचारतात. नसेल तर स्पष्ट सांगा, "मला वकील शोधायला वेळ हवा आहे." पहिल्या तारखेला हे मागणं रास्त समजतात. आरोप कबूल आहेत का, असं विचारलं आणि अर्थ नीट कळला नसेल, तर भीडेपोटी "येस" म्हणू नका. आपल्याला मोठ्या माणसापुढे मान डोलवायची सवय असते. तिथे मान डोलावली की ती नोंदली जाते.

भाषेचं अगदी पक्कं ध्यानात ठेवा. कोर्ट दुभाषा स्वखर्चाने देतं. भारतीय दिसलात की "हिंदी?" असं विचारतील. हिंदी सिनेमा समजतो म्हणून हो म्हणू नका. आपल्या आयुष्याची हकीकत शपथेवर सांगायची असते. "मराठी" असं ठामपणे सांगा. दुभाषा त्या दिवशी उपलब्ध नसेल तर फोनवरून जोडतात किंवा पुढची तारीख देतात. आश्रयाच्या मुलाखतीला मात्र दुभाषा आपणच न्यायचा असतो.

आता जड विषय. मे २०२५ पासून २६ फेडरल प्लाझाच्या कोर्टाबाहेरच्या बोळांमध्ये आइसचे अधिकारी तारखेहून बाहेर पडणाऱ्या लोकांना ताब्यात घेऊ लागले. माणसं घाबरली, आणि काहींनी तारखेला जाणंच सोडलं. ही भीती मला समजते. त्या बोळातून मीही माणसांबरोबर चाललो आहे. तरीही वकिलाला न विचारता तारीख चुकवू नका. गैरहजेरीत निघालेला हुकूम फिरवणं फार कठीण असतं: आजारपणासारखं अगदी सबळ कारण असेल तर १८० दिवसांत अर्ज करता येतो, आणि नोटीस मुळात मिळालीच नव्हती असं दाखवता आलं तर त्यानंतरही. त्यापेक्षा आधीच हालचाल करा. व्हिडिओवरून हजर राहू द्या असा लेखी अर्ज वकिलामार्फत देता येतो. मंजुरी हातात पडेपर्यंत मात्र प्रत्यक्ष जायचंच आहे असं धरा. जाताना एकटे जाऊ नका. किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणी कोणाला कळवायचं आणि मुलांना शाळेतून कोण आणणार, हे घरून निघण्याआधी ठरवा.

घर बदललंत तर

नव्याने आलेला माणूस वर्षात दोन-तीनदा घर बदलतो. आधी मित्राचा हॉल, मग पेइंग गेस्ट, मग स्वतःची खोली. टपाल मात्र पहिल्याच पत्त्यावर जात राहतं. कोर्टात केस असेल तर ईओआयआर-३३ हा फॉर्म पाच कामकाजाच्या दिवसांत कोर्टाकडे जायला हवा. युएससीआयएसला एआर-११ दहा दिवसांत. दोन्ही वेगळे, एकाला कळवलं म्हणून दुसऱ्याला कळत नाही. पोस्टात पत्ता बदलला म्हणजे झालं, असं समजणारेही पुष्कळ भेटतात. व्हिसावरच्या लोकांनाही एआर-११ लागू आहे, हे कंपनीत सहसा कोणी सांगत नाही.

वकील कोण आणि नोटरी कोण

आपल्या लोकांचा सर्वांत मोठा घात एका शब्दामुळे होतो, तो शब्द म्हणजे 'नोटरी'. महाराष्ट्रात तहसील कचेरीबाहेर किंवा कोर्टाच्या आवारात नोटरी म्हणून बसलेला माणूस काही वर्षं वकिली केलेला असतो. न्यूयॉर्कमध्ये नोटरी होण्यासाठी वकील असावं लागत नाही. तो सही खरी असल्याचा शिक्का मारतो, एवढंच. त्याने कायद्याचा सल्ला देणं बेकायदा आहे.

जॅक्सन हाइट्सच्या ७४व्या रस्त्यावर, जर्सी सिटीच्या इंडिया स्क्वेअरला, ओक ट्री रोडवर पाट्या दिसतात: "इमिग्रेशन, टॅक्स, तिकीट, फोटो". आत आपलीच भाषा, चहा, "काळजी करू नका ताई". माझ्या माहितीतल्या एका बाईंनी अशा एका दुकानात पैसे भरले, कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या. आठ महिने "प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर मिळत राहिलं. अर्ज कधी गेलाच नव्हता. त्यांच्या हातात होती ती फक्त एक हाताने लिहिलेली चिठ्ठी, त्यावर रक्कम आणि नमस्काराचा शिक्का. ती चिठ्ठी त्यांनी माझ्यापुढे ठेवली तेव्हा त्या रडत नव्हत्या, नुसत्या तिच्याकडे बघत होत्या.

म्हणून कोणाच्याही हाती पैसे देण्याआधी हे करा. समोरचा वकील म्हणवत असेल तर त्याला विचारा, "कुठल्या राज्याचा परवाना?" इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा असल्यामुळे कुठल्याही राज्याचा वकील चालतो, पण परवाना हवाच. त्याचं नाव त्या राज्याच्या न्यायालयाच्या किंवा बारच्या संकेतस्थळावर टाकून बघा. न्यूयॉर्कचा असेल तर राज्य न्यायालयांच्या वकील-यादीत फुकट शोधता येतं, शिस्तभंगाची कारवाई झाली असेल तर तीही दिसते. वकील नसलेली पण अधिकृत अशी आणखी एका प्रकारची माणसं असतात: न्याय विभागाने मान्यता दिलेले प्रतिनिधी. ते मान्यताप्राप्त सेवाभावी संस्थांमध्येच काम करतात, त्यांची यादी सरकार प्रसिद्ध करतं. या दोहोंखेरीज तिसऱ्या कोणाकडून सल्ला घेऊ नका. मंडळातल्या दिवाळीच्या कार्यक्रमात भेटलेल्या अनुभवी काकांकडूनही नाही. त्यांची केस वेगळी, साल वेगळं, आणि तेव्हाचे नियम वेगळे.

न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यानुसार वकील नसलेल्या फॉर्म भरून देणाऱ्याने आपण वकील नसल्याची पाटी लावावी लागते, तुम्हाला समजेल अशा भाषेत लेखी करार द्यावा लागतो, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही तो रद्द करू शकता. करार मागा. टाळाटाळ झाली तर उठून या.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. ज्याने भरला त्याचं नाव आणि सही फॉर्मवर असायला हवी. अर्ज पोचल्यावर युएससीआयएसकडून आय-७९७ ही पावती येते. तिच्यावर तीन अक्षरं आणि दहा आकडे असा क्रमांक असतो. तो सरकारी संकेतस्थळावर टाकला की अर्जाची स्थिती दिसते. त्या बाईंना पहिल्या महिन्यात हा क्रमांक मागायला कोणी सांगितलं असतं, तर पुढचे सात महिने वाचले असते. सरकारी संकेतस्थळाचं नाव 'डॉट जीओव्ही'ने संपतं, तेही तपासा.

फुकट किंवा कमी पैशात मदत

इमिग्रेशन कोर्टात सरकार वकील देत नाही, कारण ती फौजदारी केस मानली जात नाही. आपला वकील आपणच शोधायचा. न्यूयॉर्क शहरात मात्र या बाबतीत बरीच सोय आहे.

शहरात राहत असाल तर ३११ हा शहराचा मदत नंबर फिरवा आणि इंग्रजीत दोनच शब्द सांगा: "इमिग्रेशन लीगल". पुढे दुभाषा मागा. महापौरांच्या स्थलांतरित विभागाची थेट हॉटलाइन ८००-३५४-०३६५. राज्याची, न्यू अमेरिकन्ससाठीची १-८००-५६६-७६३६. फोन लावताना नोटीस आणि ए-नंबर समोर ठेवा, आणि पुढच्या तारखेपासून बोलायला सुरुवात करा. तारीख जवळ असेल तर तुम्हाला आधी घेतील.

नागरिकत्वाच्या अर्जासाठी सिटी युनिव्हर्सिटीचा 'सिटिझनशिप नाऊ' हा उपक्रम १९९७ पासून फुकट मदत करतो. ग्रीन कार्डची पाच वर्षं झालेल्या आईवडिलांना तिथे घेऊन जा. लीगल एड सोसायटी तर १८७६ पासूनची, तीही मुळात जर्मन स्थलांतरितांच्या मदतीसाठी सुरू झालेली. इमिग्रेशनच्या अटकेत असलेल्यांसाठी न्यूयॉर्कने २०१३ साली देशात पहिल्यांदा सार्वजनिक खर्चाने वकील द्यायला सुरुवात केली. लीगल एड, ब्रुकलिन डिफेंडर सर्व्हिसेस आणि ब्राँक्स डिफेंडर्स हे काम बघतात.

न्यू जर्सीत लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सीचं कार्यालय एडिसनमध्येच आहे. आपली एवढी वस्ती त्याच्या आजूबाजूला राहते आणि तरी फार थोड्यांना ते ठाऊक असतं. न्यूअर्कमध्ये अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी इमिग्रेशनच्या केसेस घेते. कोर्टाकडेही फुकट वकिलांची यादी असते. ती मागून घ्या आणि पहिल्या नावाने नकार दिला म्हणून थांबू नका. सगळ्यांना फोन करा, कोणी काय सांगितलं ते वहीत लिहा. चौथ्या-पाचव्या फोनला दार उघडलेलं मी पाहिलं आहे.

एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्या नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बहिणींसाठी वेगळं लिहितो. नवरा मारहाण करतो, पासपोर्ट लपवून ठेवतो, "पोलिसात गेलीस तर तुझाच व्हिसा रद्द होईल" म्हणतो, असं असेल तर ती धमकी मुकाट्याने खरी मानू नका. छळ सोसणाऱ्या जोडीदारांसाठी इथल्या कायद्यात स्वतंत्र वाटा आहेत. न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था १९८५ पासून आणि न्यूयॉर्कमध्ये 'सखी' १९८९ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करतात. त्यांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही. सासर म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक आहे. पासपोर्ट, आय-९४ (देशात आल्याची नोंद) आणि लग्नाच्या दाखल्याचे फोटो काढून अशा माणसाला पाठवून ठेवा, ज्याचा फोन तुमचा नवरा बघू शकत नाही.

बाकीची कोर्टं

फोली स्क्वेअरला उभं राहिलं की खांबांच्या भव्य इमारती दिसतात आणि कुठलं कोर्ट कशाचं ते कळत नाही. ६० सेंटर स्ट्रीटवर 'सुप्रीम कोर्ट' लिहिलंय, पण न्यूयॉर्क राज्यात सुप्रीम कोर्ट हे खालचं, खटले चालवणारं न्यायालय आहे; राज्याचं सर्वोच्च न्यायालय ऑल्बनीला, 'कोर्ट ऑफ अपील्स' नावाचं. १०० सेंटर स्ट्रीटला फौजदारी, १११ सेंटर स्ट्रीटला दिवाणी आणि घरभाड्याचं. कुटुंब न्यायालय ६० लफाएट स्ट्रीटला. केंद्राचं जिल्हा न्यायालय ५०० पर्ल स्ट्रीटला. तिथे फोन दारातच जमा करून बिल्ला घ्यावा लागतो.

घरमालकाने बाहेर काढण्याची केस केली तर २०१७ च्या शहराच्या कायद्याने कमी उत्पन्नाच्या भाडेकरूला फुकट वकील मिळू शकतो, व्हिसा कुठला हे न बघता. फौजदारी केस झाली, अगदी दुकानातल्या वस्तूवरून किंवा दारू पिऊन गाडी चालवल्यावरून, तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा की तुम्ही नागरिक नाही. गुन्हा कबूल केल्याने देशाबाहेर जावं लागेल का, हे सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली 'पडिला विरुद्ध केंटकी' या खटल्यात दिला आहे. "छोटा दंड भरून मिटवून टाकू" या नादात ग्रीन कार्ड गमावू नका.

मराठी दाखले

ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाची नोंद: मराठीतल्या प्रत्येक कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. भाषांतर करणाऱ्याने "मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे" असं लिहून सही करायची. नोटरीचा शिक्का त्यासाठी लागत नाही. मागचे शिक्के, समासातली नोंद, खाडाखोड, सगळ्याचं भाषांतर हवं. आणि नावं जुळवा. दाखल्यावर बाळाचं नावच नसतं, शाळेत 'दत्तात्रय', पासपोर्टवर 'दत्तात्रेय', लग्नानंतर बायकोचं मधलं नाव बदललेलं. इथल्या अधिकाऱ्याला ही तीन वेगळी माणसं वाटतात. जन्माची नोंदच नसेल तर गावाकडून 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला आणि जन्म ठाऊक असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं मागवा. ग्रामसेवकाकडून कागद यायला दोन-तीन महिने सहज जातात, म्हणून मुलाखतीची वाट न बघता आजच भावाला फोन करा.

कोणी ताब्यात घेतलं गेलं तर

आइसच्या संकेतस्थळावर ए-नंबर आणि जन्मदेश टाकला की माणूस कुठे ठेवलाय ते शोधता येतं. पहिल्या काही तासांत नाव दिसत नाही, पुन्हा पुन्हा बघत राहा. आत असलेल्या माणसाला गप्प राहण्याचा आणि वकिलाशी बोलण्याचा हक्क आहे. समजल्याशिवाय कशावरही सही करू नका, हे त्याला आधीच माहीत असलं पाहिजे. भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा असं तो स्वतः म्हणू शकतो. मागितल्याशिवाय कळवतीलच असं नाही. न्यूयॉर्कचा दूतावास मॅनहॅटनमध्ये, ३ ईस्ट ६४व्या रस्त्यावर आहे.

दूतावासातून किंवा इमिग्रेशनमधून बोलतोय, ताबडतोब पैसे भरा, गिफ्ट कार्डाचे नंबर सांगा, असा फोन याच सुमारास येऊ शकतो, कधी छान हिंदीत. ठेवून द्या.

एक कागद आज रात्री तयार करा: घरातल्या प्रत्येकाचा ए-नंबर, पासपोर्ट नंबर, वकिलाचा फोन, शाळेतून मुलांना आणण्याची परवानगी असलेल्या माणसाचं नाव, रोजच्या औषधांची यादी. एक प्रत फ्रिजवर, एक शेजारच्या भरवशाच्या घरी, एक गावाकडे. फोन काढून घेतला जाऊ शकतो, तेव्हा यातला निदान एक फोन नंबर पाठ करा.